दोर धरणारी पोरं

वाडीच्या गणपतीचा दोर पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. साल १९८६. गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे आमची वाडी. अनंत चतुर्दशीची दुपार, बँजोवाले तारा जुळवत होते, गल्ली गुलालानं लाल झाली होती आणि अप्पांनी आम्हा बारा पोरांना जिन्यापाशी रांगेत उभं केलं. अप्पा गिरणीत साच्यावर होते. १९८२च्या संपानंतर गिरणीचं दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. मंडळात त्यांना काही पद नव्हतं, पण विसर्जनाचा दोर त्यांच्या ताब्यात असायचा. काथ्याचा, अंगठ्यापेक्षा जाड, वर्षभर पोटमाळ्यावर पडून धुळीचा वास लागलेला.

"दोर ओढायचा नाय, धरायचा," अप्पा म्हणाले. "कुणाच्या अंगाला हात लावायचा नाय. समोरच्या मंडळाची पोरं आईवरनं बोलली तरी तोंड उघडायचं नाय. लोक दोराला घाबरून थांबत नाहीत. तुम्ही उभे असता म्हणून थांबतात."

काम तसं साधं. ट्रकभोवती दोराचा गोल करायचा. नाचणारे पुढे, बायका-मुलं आणि म्हातारी माणसं मूर्तीच्या मागे, दोराच्या आत. बाहेर सगळं गिरगाव. त्या दिवशी प्रत्येक गल्लीतून एक मिरवणूक चौपाटीकडे निघालेली असते आणि प्रार्थना समाजच्या नाक्यावर त्यांची गाठ पडते. आम्ही तिथे पोचलो तेव्हा सात वाजले असतील. आमच्याच वाडीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी लेकीला कडेवर घेऊन फुटपाथला उभ्या होत्या. पोरगी पाच वर्षांची. मीच त्यांना हाक मारली. "वहिनी, आत या. दोराच्या आत काही होत नाही."

त्या आल्या. नंतरच्या दहा मिनिटांत काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मागच्या मंडळानं ट्रक पुढे घातला, समोरून दुसरी मिरवणूक वळत होती, मधली गर्दी कुठे जाणार? ती आमच्या दोरावर आली. दोर आधी ताठ झाला, मग हातातून सरकायला लागला. काथ्या तळहातात घुसतो तेव्हा पहिल्यांदा दुखत नाही, नुसतं गरम लागतं. माझ्या उजवीकडच्या पोरानं सोडला, मग मी सोडला. हा क्रम मी गेली चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो आहे, जणू त्यानं काही फरक पडतो.

पोरीचा हात कोपरात मोडला. त्याहून वाईट काही झालं नाही, याबद्दल वाडीनं देवाचे आभार मानले. रात्री जवळच्या इस्पितळात बाकड्यावर वहिनी बसल्या होत्या, केसांत गुलाल तसाच. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू आत ये म्हणालास, म्हणून आले रे."

गेल्या वर्षी विसर्जनाला मी पुन्हा त्याच नाक्यावर होतो. आता राहायला बोरिवलीला, पण चतुर्दशीला पाय गिरगावाकडेच वळतात. बरोबर माझा आतेभाऊ होता. कोरेगाव तालुक्यातला, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि आता इथे एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर आहे. चेकचे शर्ट घातलेली दोर धरलेली पोरं आमच्यासमोरून गेली. तो बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, आम्ही तिकडं हेच केलं बघ. दोर धरला."

तिकडं म्हणजे काँगोत. फौजेत युनोच्या शांतिसेनेत जाऊन आलेल्याला "मिशन करून आला" म्हणतात. त्याचं मिशन २०१२चं. उत्तर किवू प्रांत, गोमा शहराच्या उत्तरेला डोंगरात एका कंपनीचा तळ. लाव्हाची काळी जमीन, केळीच्या बागा, रात्री स्वेटर लागेल अशी थंडी. शंभर-सव्वाशे जवान आणि त्यांच्या वाट्याला एका तालुक्याहून मोठा मुलूख. रोज सकाळी दोन पांढऱ्या गाड्या गस्तीला निघायच्या. "गाडी दिसली की बंदूकवाले झाडीत. गाडी वळली की परत रस्त्यावर." आणि अंधार पडला की आसपासच्या वस्त्यांतल्या बायका चटया, पातेली आणि पोरं घेऊन तळाच्या काटेरी तारेबाहेर येऊन झोपायच्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वर निळा झेंडा होता, टॉवरवर दिवा होता, आणि त्या दिव्याचा उजेड जिथपर्यंत पोचायचा तिथपर्यंत त्या अंथरायच्या.

मी विचारलं, "आणि बंदूकवाले तिथे आले असते तर?"

"कागदावर गोळी चालवायला परवानगी होती," तो म्हणाला आणि गप्प झाला.

तो कागद मी नंतर वाचला. सगळ्यांनीच वाचावा असा आहे. काँगोतल्या शांतिसेनेला सुरक्षा परिषदेनं युनोच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली, म्हणजे बळ वापरायची मुभा देणाऱ्या प्रकरणाखाली, अधिकार दिले ते २००० सालीच. नागरिकांवर हल्ल्याचा धोका समोर दिसत असेल तर बळ वापरून त्यांचं रक्षण करावं, असं त्यात आहे. पण त्याच वाक्याला एक शेपूट आहे: आपल्या क्षमतेत आणि आपण तैनात असलेल्या टापूत. क्षमता कोण देणार? हेलिकॉप्टर किती, माणसं किती, रात्री बघायच्या दुर्बिणी किती, हे ठरवणारे न्यूयॉर्कमध्ये. आणि त्या वाक्याचा अर्थ लावायचा रात्री दोन वाजता एका मेजरनं, सात हजार मैलांवरच्या डोंगरात. त्यात भर म्हणजे प्रत्येक देशाच्या तुकडीला मिशनच्या कमांडरचा हुकूम आला की ती आधी आपल्या राजधानीकडे बघते. युनोच्याच अंतर्गत तपासणीचा २०१४चा अहवाल आहे. २०१० ते २०१३ या काळात नागरिकांवरच्या हल्ल्यांच्या ५०७ घटना युनोच्या वेगवेगळ्या मिशननी नोंदवल्या. त्यातल्या १०१ ठिकाणी ताबडतोब काही हालचाल झाली. बाकी चारशे ठिकाणी तारेबाहेर कोण झोपलं होतं, कुणास ठाऊक.

२० नोव्हेंबर २०१२ला गोमा पडलं. शहरात युनोचे सुमारे दीड हजार सैनिक होते आणि 'एम-२३'चे बंडखोर त्यांच्या देखत रस्त्यावरून चालत आत गेले. काँगोचं स्वतःचं सैन्य आधीच पळालं होतं. आतेभावाला ते रेडिओ सेटवर कळलं. त्या रात्री तळाच्या तारेबाहेर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, असं तो म्हणाला.

वर्तमानपत्रांत अशा वेळी एक शब्द हमखास येतो: बघ्याची भूमिका. शांतिसेनेनं बघ्याची भूमिका घेतली. मला तो शब्द सहन होत नाही. बघ्या स्वतःहून येतो, आणि कंटाळा आला की घरी जातो. या पोरांना तिथे उभं केलेलं असतं. कुणी उभं केलं, त्याच्याबद्दल बातमीत एक ओळ नसते.

निळ्या हेल्मेटची जन्मकथा यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५६ साली सुएझ कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल इजिप्तवर चालून गेले. लढाई थांबवून दोघांच्या मध्ये उभं राहायला एक फौज हवी होती, आणि ती तातडीनं हवी होती. सरचिटणीस होते डाग हामरशोल्ड. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांची कल्पना. वेगवेगळ्या देशांचे सैनिक वेगवेगळ्या गणवेशांत येणार, त्यांना लांबून ओळखायचं कसं? निळ्या टोप्या शिवून घ्यायला आठवडे लागले असते. मग युरोपात पडून असलेली अमेरिकन हेल्मेटची आतली प्लास्टिकची अस्तरं आणली आणि त्यांवर निळा रंग फवारला. म्हणजे पहिली निळी हेल्मेटं गोळी अडवण्यासाठी नव्हतीच. समोरच्यानं ओळखावं आणि गोळी घालू नये, एवढीच त्यांची मदार. अप्पा म्हणाले तेच: लोक दोराला घाबरून थांबत नाहीत.

आणि समोरचे दहा वर्षं थांबले. हेही सांगायला हवं, कारण दोर फुकट नसतो. गाझा आणि सिनाईच्या सरहद्दीवर ही फौज होती, त्यात आपल्या पलटणी होत्या, आणि तोपर्यंत मोठी लढाई झाली नाही. पण ती उभी होती इजिप्तच्या संमतीवर. इस्रायलनं तर आपल्या हद्दीत पाऊलही ठेवू दिलं नव्हतं. मे १९६७मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी निघा म्हणून सांगितलं. तेव्हाचे सरचिटणीस ऊ थांट यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. फौज निघू लागली, पुरती निघालीही नव्हती, तोवर ५ जूनला युद्ध पेटलं आणि परतीच्या तयारीत असलेले भारतीय जवान गाझात मारले गेले. त्यांचं नाव आज कुणी घेत नाही.

असं का व्हावं? युनो उभारणाऱ्यांना हे कळत नव्हतं का? कळत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर आधीचा राष्ट्रसंघ मेला होता. इटलीनं इथिओपियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघानं निर्बंध घातले, पण तेल त्यातून वगळलं. मुसोलिनीचे रणगाडे ज्यावर चालतात ते तेल. ३० जून १९३६ला इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हात स्वतः उभे राहून बोलले, आणि पुढच्याच महिन्यात उरलेले निर्बंधही उठले. म्हणून १९४५ला सॅन फ्रान्सिस्कोत सनद लिहिताना त्यांनी ४३वं कलम घातलं. प्रत्येक देशानं करार करून आपलं काही सैन्य सुरक्षा परिषदेच्या हवाली तयार ठेवायचं. त्या सैन्याची आखणी करायला पाच बड्या देशांच्या सेनाधिकाऱ्यांची समिती. १९४७पर्यंत समितीत मतभेद झाले आणि गाडं थांबलं. ४३व्या कलमाखाली आजपर्यंत एकाही देशानं एकही करार केलेला नाही. समिती मात्र आहे. दर पंधरा दिवसांनी ती आजही भरते.

मी हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि राग आला तो त्यानंतर. शांतिसेना हा शब्द सनदेत कुठेही नाही. सनदेत जे होतं ते झालं नाही, म्हणून जे सुचलं ते उभं राहिलं. वाडीला पोलीस द्यायचं कबूल केलं होतं. पोलीस आले नाहीत, तेव्हा पोरांच्या हातात दोर दिला. आणि आता दोर तुटला की विचारतात, पोरं काय करत होती?

सुरक्षा परिषदेतल्या पाच जणांचा नकाराधिकार सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. २५ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवरच्या आक्रमणाविरुद्धचा ठराव रशियानं अडवला तेव्हा त्या महिन्याचं परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेनं अडवले. जिथे या पाचांपैकी एकाचा जीव गुंतलेला, तिथे दोरसुद्धा मिळत नाही. मला बोलायचं आहे ते त्या ठिकाणांबद्दल, जिथे यांच्यापैकी कुणाचंच काही अडलेलं नव्हतं. तिथे दोर मिळाला, आणि दोराच्या आत या असंही सांगितलं गेलं.

स्रेब्रेनित्सा. पूर्व बोस्नियातलं डोंगरातलं गाव, सर्ब फौजांनी वेढलेलं. १६ एप्रिल १९९३ला सुरक्षा परिषदेनं ठराव करून त्याला 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं. गावातल्या लोकांनी आपली बरीच शस्त्रं युनोकडे जमा केली, कारण करारच तसा होता: शस्त्रं ठेवा, आता आम्ही आहोत. अशी सहा सुरक्षित क्षेत्रं सांभाळायला किती माणसं लागतील, याचा हिशेब सरचिटणीसांच्या लष्करी सल्लागारांनी दिला, ३४,०००. परिषदेनं मंजूर केली ती सुमारे ७,६००. शब्द मात्र 'सुरक्षित' हाच राहिला, जो पाळायला ३४,००० लागणार होते. स्रेब्रेनित्साच्या वाट्याला डच सैनिक आले, तेही काहीशे. शेवटी शेवटी त्यांच्याकडे डिझेल नव्हतं, दारूगोळा अपुरा होता, कारण रसदीच्या गाड्या सर्ब अडवत होते. जुलै १९९५मध्ये हल्ला झाला तेव्हा त्यांनी विमानं मागितली. ती उशिरा आणि नावापुरती आली. ११ जुलैला गाव पडलं.

लोक कुठे गेले? युनोच्या तळाकडे. पोतोचारीला एका जुन्या बॅटरीच्या कारखान्यात डचांचा तळ होता. सुमारे पाच हजार माणसं आत घेतली, वीसेक हजार कुंपणाबाहेर. बायका, पातेली, पोरं. आतेभाऊ तारेबाहेरच्या चटयांचं सांगत होता तेव्हा मला पोतोचारी दिसत होतं. पुढच्या दोन दिवसांत सर्बांनी कुंपणाबाहेरचे पुरुष बायका-मुलांपासून वेगळे काढले. १३ जुलैला तळाच्या आतल्यांनाही बाहेर जायला सांगितलं गेलं. त्यांत साडेतीनशे पुरुष होते. त्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले.

त्यांच्या आयांनी आणि बायकांनी नेदरलँड्सच्या कोर्टात खटला भरला. २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: आत असलेल्या त्या ३५० जणांना तळावरच ठेवलं असतं, तर ते वाचण्याची शक्यता दहा टक्के होती. म्हणून डच सरकारची जबाबदारी दहा टक्के. मी कायद्याचा माणूस नाही, न्यायमूर्तींनी तो आकडा कसा काढला ते मला कळत नाही. पण उरलेले नव्वद टक्के कुणाच्या नावावर आहेत, हा प्रश्न मला झोपू देत नाही. ज्यांनी ३४,०००चा शब्द देऊन ७,६०० पाठवले, त्यांच्यावर कुठल्याही कोर्टात खटला उभा राहिला नाही. युनोला तर न्यायालयीन संरक्षणच आहे.

रवांडाचं त्याच्या एक वर्ष आधीचं. मिशनचे कमांडर, कॅनडाचे जनरल रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारी १९९४ला न्यूयॉर्कला तार केली की हत्यारांचे साठे कुठे आहेत ते मला कळलं आहे, मी ते जप्त करतो. उत्तर आलं, ते तुमच्या अधिकारात बसत नाही. एप्रिलमध्ये तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली. किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत बेल्जियन शांतिसैनिक होते, म्हणून सुमारे दोन हजार माणसं त्या शाळेत येऊन राहिली. ११ एप्रिलला बेल्जियन तुकडी निघून गेली. ते निघाले त्याच दिवशी त्या माणसांना मारलं. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं अडीच हजारांचं मिशन २७०वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं गेली. दालेर मूठभर लोकांनिशी मागे राहिले, घानाचे सैनिक राहिले, आणि त्यांनी किगालीच्या स्टेडियममध्ये आणि इतरत्र हजारो जीव वाचवले. नुसतं उभं राहून. म्हणून दोर सोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. त्या तांत्रिक शाळेत निळं हेल्मेट नसतं, तर ती माणसं तिथे कदाचित आलीच नसती; रानात गेली असती, सरहद्दीकडे पळाली असती, काही मेली असती, काही जगली असती. ती आली, कारण कुणीतरी त्यांना आत या म्हटलं होतं.

मग बळ द्यावं का? दिलं की प्रश्न सुटतो? गोमा पडल्यावर, मार्च २०१३मध्ये, सुरक्षा परिषदेनं काँगोत खास लढणारी ब्रिगेड उभी केली. दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीचे सैनिक. त्यांना चाल करून जायचा अधिकार होता. नोव्हेंबरपर्यंत एम-२३ मोडून पडली. आतेभावाला त्या बातमीचा फार आनंद झाला होता. तो तेव्हा परत आला होता. पण एम-२३च्या पाठीशी जे होते ते तिथेच होते, खाणी तिथेच होत्या, काँगोचं सरकार होतं तसंच दुबळं होतं. जानेवारी २०२५मध्ये एम-२३नं गोमा पुन्हा घेतलं. म्हणजे नुसत्या बळानंही भागत नाही. बळाच्या मागे उद्याही इथे असेन असं म्हणणारं कुणीतरी लागतं.

हे मला भिवंडीमुळे कळतं. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी भाजून निघालेलं ते गाव. १९८८ला तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांच्या नव्हेत, यंत्रमागावरचे कामगार, पानवाले, दुकानदार, दोन्ही धर्मांचे, आणि प्रत्येक समितीत त्या भागाचा पोलीस. दर काही दिवसांनी बसायचं, गटारापासून भोंग्यापर्यंत सगळं बोलायचं. डिसेंबर १९९२ला मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. समितीकडे स्वतःचा कुठलाही अधिकार नव्हता. पण समितीत बसणाऱ्या पोलिसाच्या कमरेला लॉकअपची किल्ली होती, आणि ती तो वापरेल, याबद्दल भिवंडीत कुणालाही शंका नव्हती. मुंबईत पोलीस होते, लष्कर होतं, कायदा होता, आणि तरी दोन फेऱ्यांत ९०० माणसं गेली. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ला आला. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

जानेवारी १९९३ला आमच्या वाडीतही शांतता समिती होती. मी तेव्हा चोवीसचा. रात्री वाडीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसायचो, शिट्ट्या आणि चहाचा थर्मास घेऊन. वाडीच्या मागच्या गल्लीत एक बेकरी होती. तिथला पाववाला उत्तर प्रदेशातला, रोज पहाटे सायकलवरून वाडीत पाव टाकायचा. एका रात्री तो अप्पांकडे आला. खोलीत आला नाही, दारातच उभा राहिला आणि विचारलं, "अप्पा, मी थांबू का जाऊ?"

आम्ही पोरं एका सुरात म्हणालो, थांब, आम्ही आहोत. आमच्या मनात खोट नव्हती. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ, असं मला वाटलं. मग ते त्याला म्हणाले, "जा. ही पोरं उभी राहतील, पण तुला वाचवू शकणार नाहीत. चौकीवर जाऊन आलो मी. तिथनं कुणी येणार नाय." त्यांनी पायात चप्पल सरकवली आणि त्याला स्वतः स्टेशनापर्यंत सोडून आले. परत आले तेव्हा दोन वाजले होते. दोन दिवसांनी बेकरी जाळली. पाववाला पुन्हा कधी दिसला नाही, पण इथून गेला तेव्हा तो जिवंत होता.

त्या रात्री आम्हाला अप्पांचा राग आला होता. आम्हाला घाबरट ठरवलं असं वाटलं. सुरक्षा परिषदेत बसलेल्या एकानं जरी १९९३ला स्रेब्रेनित्साच्या लोकांना अप्पांसारखं तोंडावर सांगितलं असतं, की आम्ही ७,६००च पाठवणार आहोत, तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. कदाचित त्यांनी शस्त्रं खाली ठेवली नसती. कदाचित ते आधीच निघाले असते. कदाचित जगाला लाज वाटून उरलेली माणसं मिळाली असती.

आपणही यात आहोत, हे विसरून चालणार नाही. भारतानं आजवर पन्नासेक मिशनमध्ये मिळून २,९०,०००हून अधिक माणसं पाठवली. १८०च्या आसपास परत आली नाहीत. कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांना परमवीरचक्र मिळालं ते १९६१च्या काँगोतल्या लढाईसाठी. जुलै २०२२ला काँगोतल्याच बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान गेले, चिडलेल्या गर्दीच्या हल्ल्यात. ज्यांचं रक्षण करायला गेले त्यांतलेच लोक त्या गर्दीत होते. खर्चाचा जवळपास निम्मा भार अमेरिका आणि चीन यांच्यावर, निर्णय त्या पाचांचा, आणि उभं राहायला माणसं सातारा, नेपाळ, बांगलादेश, रवांडा इथली. हे मला अन्यायाचं वाटतं. पण युनोला बळ द्या म्हणणारे आपण, आपल्या दारात ते बळ आलेलं आपल्याला चालेल का? काश्मीरमध्ये १९४९पासून युनोचे निरीक्षक आहेत. १९७२च्या सिमला करारानंतर त्यांचं काम संपलं, ही आपली भूमिका आहे, आणि ती का आहे हे मला समजतं. प्रत्येक देशाला स्वतःपुरतं असंच समजत असतं. म्हणून तर ४३वं कलम कोरं राहिलं.

त्या दिवशी विसर्जन संपून आम्ही चर्नी रोडच्या पुलावर आलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. खाली रुळांवर गुलालाची पावलं उमटलेली. आतेभावानं तोवर न सांगितलेली गोष्ट तिथे सांगितली. मिशनचे शेवटचे आठवडे होते. वरून हुकूम आला, तळ हलवायचा, दुसरीकडे गरज आहे. जवान खांब उपटायला लागले, तारेची भेंडोळी गुंडाळायला लागले. संध्याकाळ झाली तशा बायका नेहमीप्रमाणे चटया घेऊन आल्या. तार नव्हती. दिव्याचा टॉवर आडवा पडला होता. त्या थोड्या लांब उभ्या राहिल्या, मग एकजण पुढे आली आणि म्हणाली, "केशो?"

"मला आधी वाटलं आपल्यातल्या कुणा केशवला हाक मारतीय," तो म्हणाला. "मग दुभाष्यानं सांगितलं. त्यांच्या भाषेत केशो म्हणजे उद्या. उद्या आहात का, असं विचारत होती."

"तू काय सांगितलंस?"

लोकल येत होती. तो जिना उतरायला लागला.

"मान हलवली, दादा. हो म्हणून."